खिडकीतली आणि दारातली

मुलाने उत्तर दिलं की मास्तर दोन्ही डोळे मिटायचे. बरोबर म्हणायचे नाहीत, चूक म्हणायचे नाहीत. डोळे मिटूनच विचारायचे, "हं. कसं आणलंस?"

जसं काही ते उत्तर पोराने बाजारातून पिशवीत घालून आणलंय.

ही सवय शाळेपुरती नव्हती. आमच्याच चाळीत कोपऱ्याच्या खोलीत ते राहायचे, ते आणि त्यांची म्हातारी आई. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही ते चाळीतल्या बायकांनी आपापल्या परीने ठरवून टाकलं होतं, मी कधी विचारलं नाही. एकदा सकाळी गॅलरीत मी सहज म्हटलं, "मास्तर, यंदा भात चांगलं येणार."

मास्तरांनी डोळे मिटले. "कसं आणलंत?"

आता ह्याला काय सांगायचं? मी म्हटलं, "गावाहून माणूस आला होता, तो म्हणाला."

"मग ते तुमचं नाही, त्याचं आहे," असं म्हणून मास्तर टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती बोलतात दोन शब्द आणि आपल्या डोक्यात दिवसभर किडा वळवळतो.

भांडुप तेव्हा गावच होतं. स्टेशनाबाहेर पडलं की ताडाची झाडं, भाताची खाचरं, खाडीकडे मिठागरं. स्वराज्य नवं होतं, कारखाने नवे होते आणि कोकणातून आलेले आम्हीही नवेच होतो. मी एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली होतो. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. पुढे शाळा नव्हती असं नाही, मला जायचं नव्हतं. उगाच गरिबीवर ढकलायला मला आवडत नाही.

मास्तर मात्र पुरते शिकलेले. गिरगावात वाढलेले, घरात सगळे कचेऱ्यांतून नोकऱ्या करणारे. हे एकटेच प्राथमिक शाळेत आले आणि तेही भांडुपला. त्यांची आई आमच्या बायकोला सांगायची, "ह्याला मोठ्या मुलांच्या शाळेत मिळत होतं हो. पण ह्याला शेंबडीच पोरं लागतात." म्हातारीचा राग खरा चिंचोक्यांवर होता. मास्तरांच्या कोटाच्या दोन्ही खिशांत चिंचोके असायचे. कोट धुवायला घेतला की मोरीभर चिंचोके. "एक दिवस तुझ्या खिशातून झाड उगवेल," म्हातारी ओरडायची आणि मास्तर शांतपणे मोरीत बसून एकेक गोळा करायचे.

हे चिंचोके गणिताचे. दहा-दहा चिंचोके फडक्याच्या तुकड्यात बांधून त्यांनी पुरचुंड्या केल्या होत्या. बेचाळीस म्हणजे चार पुरचुंड्या आणि दोन सुटे. पोरांनी ते हातात घेऊन बघायचं.

माणूस भला, पण त्यांनी काही व्यवस्था लावली की ती उलटायची, हे मी पहिल्यापासून पाहत होतो. नळावरचंच सांगतो. चाळीला एक नळ, रोज भांडणं. बायकांनी मास्तरांना मध्ये घातलं. मास्तरांनी विचार केला आणि सांगितलं, ज्याचं भांडं लहान त्याने आधी भरावं, म्हणजे कोणाचा खोळंबा होणार नाही. हिशेबाने अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका तांबे घेऊन हजर. एकीचा तांबा भरला की तिची पोरगी दुसरा तांबा घेऊन पुढे. मोठे हंडे खोलीत रिकामे आणि नळावर तांब्यांची जत्रा. मास्तर लांब उभे राहून बघत होते. मी म्हटलं, "काय मास्तर, झकास ना?" ते म्हणाले, "माझं चुकलं. मी भांडी बघितली, माणसं नाही बघितली."

चूक झाली की चटकन म्हणायचे. मला ते जमत नाही आणि जमवायचंही नाही.

तर शाळा. शाळा म्हणजे कौलारू लांब पडवी. एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला खिडकी, खिडकीबाहेर खाचरं. माझी मोठी मुलगी शेवंती मास्तरांच्या वर्गात दुसरीला होती. गणिताचा तास लागला की मास्तर प्रत्येकाला एक तोंडी हिशेब घालायचे, डोळे मिटून उत्तर ऐकायचे, कसं आणलंस विचारायचे आणि मग लेखणीने जागा दाखवायचे. पक्कं आलं तर खिडकीशी. अर्धंमुर्धं आलं तर मधल्या पट्टीवर. नाही आलं तर दाराशी. तिन्ही गटांना गणितं वेगवेगळी. खिडकीला अवघड, मध्ये बेताचं आणि दाराशी पुरचुंड्या. कोणी रडायला लागलं तर मास्तर म्हणायचे, "आजचं आज रे. उद्या परत विचारणार आहे ना?" आणि खरंच दुसऱ्या दिवशी परत विचारायचे. आज दारातला उद्या खिडकीत जायचा, खिडकीतला दारात यायचा.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "सगळ्यांना एकच गणित घातलं तर अर्धे झोपतात आणि अर्धे रडतात."

माझंही म्हणणं साधं होतं. शाळेत कोणतं पोर कुठे बसतं ते संध्याकाळी चाळीत येतं. आमची शेवंती पावसाळाभर दारात. एकदाही मधल्या पट्टीवरसुद्धा गेली नाही. चाळीतली पोरं तिला "दारवाली, दारवाली" म्हणायला लागली. तिच्या बरोबर दारात खालच्या मजल्यावरचा भिकू, त्याचा बाप मिठागरावर. पण भिकूला कोणी चिडवत नव्हतं, कारण त्याच्याकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती. शेवंती फिटरची मुलगी. फिटर म्हणजे मी अजून झालो नव्हतो, होणार होतो.

बायको म्हणाली, "ऐकलात? चेडू दारात बसता म्हणान लोकां हसतत माका."

मी म्हटलं, "गप रव. मी बघतंय."

त्यातच कुर्ल्याहून माझी मेहुणी आली. नवरा-बायको दोघंही गिरणीत जाणारी आणि घरात तान्हं पोर. तिला पोर सांभाळायला कोणीतरी हवं होतं. तिने शेवंतीकडे बघितलं आणि म्हणाली, "तां नायतरी दारातच बसता. माझ्या दारात बसांदे. पोर तरी सांभाळीत."

बायको हसली. मला हसू आलं नाही. पण तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखंही नव्हतं. तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात मुलगी शाळेत जाते हेच नवल. तिला तिथे काही येत नसेल तर ती जाते कशाला, हा प्रश्न कोणीही विचारला असता. मी मेहुणीला शब्द दिला. दिवाळीपर्यंत शेवंती खिडकीत गेली तर शाळा. नाही गेली तर नाव काढायचं आणि कुर्ला. दिलेला शब्द मी फिरवत नाही, हे मेहुणीला माहीत होतं. ती खुशीत गेली.

मग मी मास्तरांना गाठलं. ते गॅलरीत बसून फडकी फाडत होते, पुरचुंड्यांसाठी.

"मास्तर, माझ्या पोरीला दारात का बसवता?"

"मी नाही बसवत. गणित बसवतं."

"गणिताला काय हात आहेत? लेखणी तुमच्या हातात असते."

मास्तर हसले. "तेही खरं."

"मग उद्यापासून खिडकीत बसवा. निदान मध्ये तरी."

"नाही बसवणार."

"दिवाळीपर्यंत गेली नाही तर मी नाव काढणार. कुर्ल्याला पोर सांभाळायला पाठवणार. शब्द दिलाय."

फडकं फाडायचं थांबलं. मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं आता विचारणार, कसं आणलंत. नाही विचारलं. म्हणाले, "तुम्ही सांगता म्हणून मी तिला खिडकीत बसवली तर ती तिथे तोंड मिटून बसेल. दारात निदान बोलते. खोटं बसवून तिची शाळा वाचणार नाही हो, नुसतं नाव पटावर राहील."

"मग माझा नाइलाज."

"एक सांगू? तिच्या चुका रोज नव्या असतात."

"म्हणजे?"

"कच्च्या मुलाची चूक एकच असते. रोज तीच. बेचाळीसातून अठरा गेले तर भिकूकडे छत्तीस राहतात. परवा छत्तीस, काल छत्तीस. दोनातून आठ जात नाहीत म्हणून तो आठातून दोन घालवतो. शेवंतीचं तसं नाही. तिचं एकदा चौतीस, एकदा छत्तीस, काल तर साठ. वजाबाकीची बेरीज करून आली. हे मला कळत नाही."

"तुम्हाला कळत नाही तर मास्तर कसले?" मी म्हटलं. "आणि पोर उत्तर देताना डोळे कसले मिटता? उघडे ठेवून विचारा एकदा."

चाळीतले दोघंतिघं ऐकत होते, त्यामुळे जरा मोठ्यानेच बोललो. मास्तर रागावले नाहीत. "बघतो," म्हणाले आणि परत फडकं फाडायला लागले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी ते आमच्या खोलीत आले. आधी कधी आले नव्हते. बायकोची धावपळ, कप धुव, बाकड्यावरची गोधडी उचल.

मी दारातच सांगितलं, "शिकवणी नको मास्तर. फुकटची तर मुळीच नको."

"शिकवायला नाही आलो. ती घरी कशी चुकते ते बघायला आलोय. आणि चहा प्यायला."

शेवंती खोलीत नव्हती. गॅलरीत भिकू आणि ती खेळत होती. खोलीची खिडकी गॅलरीत उघडायची, खाली बसलं की माणूस दिसत नाही पण बाहेरचं सगळं ऐकू येतं. मास्तर खिडकीखालीच बसले. बायकोने चहा दिला. मास्तरांनी बशीत ओतला आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"बेचाळीसातून अठरा गेले. भिकू, तू सांग."

"छत्तीस."

"हं. कसं आणलंस?"

हुबेहूब मास्तर. बायकोने तोंडाला पदर लावला. मला ठाऊक आहे, बाहेर शेवंतीने डोळेही मिटले असणार.

भिकू म्हणाला, "आठातून दोन गेले, सहा. चारातून एक गेला, तीन. छत्तीस."

"अरे, आठ कोणाचे? तुझे आहेत काय? तुझ्याकडे दोनच सुटे. मी तुझ्याकडे आठ मागायला आलेय. तू काय करणार?"

"नाहीत म्हणून सांगणार."

"येडा! घरात चार पुरचुंड्या बांधलेल्या ठेवल्यायत आणि नाही म्हणून सांगतोस? लबाड. एक सोड. हां. आता सुटे किती?"

 मग भिकू म्हणाला, "बारा."

"त्यातले आठ मला दे. उरले किती?"

"चार."

"पुरचुंड्या उरल्या किती?"

"चार. नाय, तीन. एक सोडली ना."

"अठरातला दहा राहिलाय अजून, ती एक पुरचुंडी मला दे."

"दोन राहिल्या."

"मग?"

"चोवीस!" भिकू ओरडला. "ए शेवंते, चोवीस गं!"

"आजचं आज," शेवंती म्हणाली. "उद्या परत विचारणार आहे."

आत आम्ही तिघं बसलेलो. मास्तरांच्या हातात बशी तशीच. चहा त्यांच्या धोतरावर ओघळत होता, त्यांना पत्ता नव्हता. डोळे मात्र टक्क उघडे. मी इतके उघडे डोळे त्यांचे कधी पाहिले नव्हते.

मी शेवंतीला हाक मारली. ती दारात आली, मास्तरांना बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. चोरी पकडल्यावर होतो तसा.

मास्तर म्हणाले, "शेवंती, त्या दिवशी वर्गात तू साठ सांगितलंस."

"हो."

"आत्ता भिकूला चोवीस शिकवलंस."

"हो."

"तेव्हा चोवीस येत होतं?"

मान हलली. हो.

"मग साठ का सांगितलंस गं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. बायको म्हणाली, "सांग गो. मास्तर खात नाय तुका."

मग ती मास्तरांकडे न बघता दाराच्या चौकटीला म्हणाली, "खिडकीतल्यांना तुम्ही फळ्यावर गणित लिहून देता आणि दाराशी येता. पुरचुंड्या दाराशीच सोडता. हिशेबाची गोष्ट पण दाराशीच सांगता. खिडकीत नुसतं पाटीवर करायचं." चौकटीवर नखाने रेघ ओढली. "आणि भिकूला छत्तीसच येतं. मी गेले तर त्याच्या बाजूला कोण बसणार?"

आता मला सांगा, ह्यावर बापाने काय करायचं? दोन थोबाडीत द्यायच्या की उचलून घ्यायचं? मी काहीच केलं नाही. मला एवढा अभिमान वाटला की तो दिसू नये म्हणून मी बायकोवर ओरडलो, "चहा सांडलाय, फडकं आण."

मास्तरांचं तसं नव्हतं. त्यांना ते लागलं. "सगळा पावसाळा," एवढंच म्हणाले. मग स्वतःशीच, "सगळ्यांच्या चुका हिने पाठ केल्या. एकेकाची रोज एक वापरली. आणि मी ऐकत बसलो." उठताना मला म्हणाले, "परत नळाचंच झालं हो. तांबे घेऊन आली पोरगी."

मी म्हटलं, "म्हणजे आता खिडकीत?"

"नाही. वर्गात उत्तर देईल तेव्हा."

"अहो, आत्ता ऐकलंत ना दोन्ही कानांनी!"

"वर्गात," मास्तर म्हणाले. "इथे तिला कळतं हे मला कळलं. पण तिला तिथे जायचंच नाही. मी ढकलली तर उद्या परत साठ म्हणेल. मला दिवाळीपर्यंत वेळ द्या."

"दिवाळी तुमची-माझी वेगळी नाही. शब्द दिलाय."

"तेवढ्यात करतो."

त्यांना वाटलं असेल मी आता शब्द सोडेन. बायकोलाही वाटलं. मी सोडला नाही. पोरीला येतं हे मला कळलं होतं, पण मेहुणीला काय सांगणार? पोरगी मुद्दाम दारात बसते म्हणून? ती म्हणाली असती, मग माझ्या दारातही मुद्दाम बसू दे. खिडकीत जायला हवी, सगळ्यांच्या समोर जायला हवी. शेवंतीला ह्या कुर्ल्याच्या गोष्टीचा पत्ता नव्हता. मास्तरांनीही तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भीतीने गेली असती खिडकीत. मी त्यांना तसं सुचवलंही. ते म्हणाले, "भीतीने आणलेलं उत्तर मला नको." दोघंही हट्टी. मध्ये पोरगी.

पुढचं मला शेवंतीने सांगितलं. ते तिच्या तोंडूनच ऐकायला हवं होतं तुम्ही, मास्तरांचा आवाज काढून.

दुसऱ्या दिवशी मास्तर गणिताच्या तासाला दाराशी आलेच नाहीत. खिडकीतल्या पोरांच्या पट्टीवर मांडी घालून बसले. खिडकीतली पोरं आधी घाबरली, मग खुशीत आली. दारातली तोंड पाडून बसली. हे काही दिवस चाललं आणि दारातलं कोणीच काही शिकेना. मग मास्तरांनी तेही मोडलं. आधी आपापल्या जागी आपापलं गणित. ते झालं की खिडकीतल्या प्रत्येकाने एक पुरचुंडी उचलायची आणि दारातल्या एकाच्या समोर जाऊन बसायचं. सांगायचं नाही, नुसतं विचारायचं. कसं आणलंस? उत्तर सांगितलं तर त्याची पुरचुंडी मास्तर काढून घेणार. आणि मास्तर कुठे? तर ते सगळीकडे, कधी ह्याच्या मागे उकिडवे, कधी त्याच्या. गोष्ट मध्ये उभं राहून सांगायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

पडवीत नुसता बाजार भरायचा म्हणे. हेडमास्तर येऊन बघून गेले आणि "हे काय मास्तर?" म्हणाले. मास्तर म्हणाले, "गणित चाललंय."

शेवंती तरीही गेली नाही. दिवाळी जवळ आली, चाळीत रंगाच्या पुड्या आल्या, बायको चकलीची भाजणी भाजायला लागली. रोज संध्याकाळी मी विचारायचो, "कुठे बसलीस?" ती म्हणायची, "दारात." बायको माझ्याकडे बघायची. मी भिंतीकडे बघायचो. मास्तर येता-जाता दिसायचे, बोलायचे नाहीत. सुकल्यासारखे झाले होते. त्यांच्या आईने बायकोला विचारलं, "तुमच्यात काही भांडण झालंय का हो? हा जेवत नाही."

सुट्टी लागायच्या आधी शेवंती शाळेतून आली ती धावतच.

"बाबा, मी खिडकीत!"

मी म्हटलं, "बस. पाणी पी. नीट सांग."

मास्तरांनी रोजच्यासारखा तोंडी हिशेब घातला. पण ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "मला हसूच आलं बाबा. बघत राहिले की खोटं सांगता येत नाही." आणि तिने बरोबर सांगितलं.

"कसं आणलंस?"

"भिकूला विचारा," ती म्हणाली. "त्याला पण येतं. मी खिडकीत गेले तरी नंतर त्याच्या समोर मीच बसणार, हे चालेल ना?"

मास्तर म्हणाले चालेल. आणि भिकूकडे वळले. 

"भिकू, बेचाळीसातून अठरा?"

भिकूने खूप विचार केला आणि सांगितलं, "चौतीस."

शेवंतीने कपाळावर हात मारला. पण मास्तर उडालेच. "चौतीस! कसं आणलंस रे?" भिकू म्हणाला, पुरचुंडी सोडली, बारातून आठ गेले, चार. पुरचुंड्या तीन... पण सोडलेली पुरचुंडी धरायचं तो विसरला होता आणि चारातूनच एक घालवला होता. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "नवी चूक! अरे, नवी चूक केलीस तू! सरकलास!" आणि त्याला मधल्या पट्टीवर बसवला. भिकू आयुष्यात पहिल्यांदा मधल्या पट्टीवर.

चुकीबद्दल पाठ थोपटणारा मास्तर मी तरी दुसरा ऐकला नाही.

दिवाळीला मेहुणी आली ती शेवंतीची पेटी न्यायच्या तयारीने. मी सांगितलं, "खिडकीत गेली. शब्द म्हणजे शब्द." ती काय समजायचं ते समजली आणि फराळाला हात न लावता निघून गेली. पुढची दोन वर्षं बोलत नव्हती. बोलू नये. तिचंही खरं होतं, तिलाही पोर सांभाळायला कोणी नव्हतं.

मास्तरांना मी लाडू घेऊन गेलो. ते खुर्चीतून उठले, लाडू घेतला आणि पहिलं वाक्य काय, तर "तुमचं म्हणणं चूकच होतं बरं का. वेगवेगळं बसवायलाच लागतं."

मी म्हटलं, "आणि तुमचं बरोबर होतं काय? पावसाळाभर पोरीने तुम्हाला नाचवलं."

"ते माझं चुकलं. बसवणं नाही चुकलं. मी कुठे बसायचं ते चुकलं."

ह्यावर आमचा वाद जो सुरू झाला तो ते चाळीत असेपर्यंत चालला. मी म्हणायचो, पोरांना वेगळं केलं की वेगळी होतात. ते म्हणायचे, वेगळं असून एकत्र धरलं की कोणीतरी चिरडलं जातं. रात्र नाही, दिवस नाही, भेटलं की तेच. चाळीतले लोक म्हणायचे, चला, दार-खिडकी सुरू झाली. मी आजही माझ्या जागेवरून हललेलो नाही. पण इतकं मन लावून माझ्याशी वाद घालणारा शिकलेला माणूस मला पुन्हा भेटला नाही. शिकलेली माणसं आमच्याशी वाद घालत नाहीत, मान डोलावतात आणि निघून जातात.

मग त्यांची बदली झाली, कुर्ल्याच्या शाळेत. हातगाडीवर सामान चढलं, म्हातारी गाडीबरोबर चालत स्टेशनापर्यंत गेली, कोणाचं ऐकेना. तिच्या मागून मास्तर, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात फडक्यांचं बोचकं. भिकूने बोचकं घ्यायला हात पुढे केला तर दिलं नाही.

नवे मास्तर आले. तेही काही वाईट नव्हते. त्यांना दार-खिडकी तयार मिळाली, पण त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं आणि बसवलं ते बसवलं. वर्षभर हललं नाही कोणी. शेवंती खिडकीत. भिकू त्या दिवशी चुकला, म्हणून भिकू दारात. शेवंती त्याच्या समोर जाऊन बसली तर तिला हाताला धरून परत जागेवर आणली. पुढच्या वर्षी भिकूच्या बापाने त्याचं नाव काढलं. मी त्याच्या बापाला जाऊन सांगितलं, काढू नको. तो म्हणाला, "तुमची खिडकीतली, तुम्हाला बोलायला काय?" भिकू मिठागरावर जायला लागला. शेवंती त्या दिवशी जेवली नाही.

चौथी झाल्यावर शेवंतीला हायस्कूलात घालायचं मी ठरवलं. मुलुंडला. बायको घाबरली, चाळीत कुजबुज झाली. मी म्हटलं, घालणार. ही बातमी मास्तरांना माझ्या तोंडून कळावी असं मला वाटलं. आणि भिकूचंही सांगायचं होतं. मास्तरांशिवाय ते सांगावं असं दुसरं कोणी नव्हतं.

पाळी बदलून घेतली आणि कुर्ल्याला गेलो. शाळा विचारत विचारत सापडली, गिरणीच्या मागे, पत्र्याची. वर्गाच्या दाराशी पोचलो तर तास चालू होता. मास्तर पाठमोरे, जमिनीवर मांडी घालून. केस पिकले होते. त्यांच्या भोवती पोरं, दोन इथे, तीन तिथे, कोणी पालथी पडून, कोणी समोरासमोर, मध्ये चिंचोके. सगळी एकदम बोलत होती आणि तरी गोंगाट वाटत नव्हता.

दाराजवळच्या एका मुलीने वर बघितलं. "कोण पाहिजे?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

शिकवताना माणसाला हाक मारू नये एवढं मला दुसरी शिकूनही कळतं. वाटलं, तास सुटेपर्यंत थांबावं. पण पाळीची वेळ होत आली होती. पुन्हा येऊ म्हटलं. पुन्हा गेलो तेव्हा मास्तर तिथे नव्हते. आईला घेऊन गावाकडे गेले एवढंच शाळेच्या शिपायाने सांगितलं, आणि कुठल्या गावाला ते त्याला माहीत नव्हतं.

पण त्या दिवशी मी दारात बराच वेळ उभा होतो. वर्ग बघत होतो. ह्यातली हुशार कोणती आणि कच्ची कोणती ते ओळखायचा प्रयत्न करत होतो. पोरांकडे बघितलं, हातांकडे बघितलं, तोंडांकडे बघितलं. मला ओळखता येईना. मग मी दुसरंच बघायला लागलो. भिकूला बसायला ह्यात जागा कुठे आहे ते.

कुठेही होती.